मुंबई तापते कशी, बुडते कशी अन् पाणी कुणाचं पिते? शहराचा आणि बदलत्या हवामानाचा हिशेब

शहापूर : मे महिन्यात भर दुपारी तानसा-वैतरणाच्या बाजूने गेलं की एक चित्र दरवर्षी दिसतं. माणसाच्या उंचीएवढी जाड पाइपलाइन रानातून मुंबईकडे चाललेली असते, तिच्या पोटात पाणी धो धो वाहत असतं आणि थोड्याच अंतरावरच्या पाड्यावर बायाबापड्या हंडे-कळशा मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या असतात. हे आता जुनं झालं, कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण अलीकडे मोबाईलवर रोज एक शब्द येतो, हवामान बदल. शहरांमुळे हवामान बिघडलं असं एक जण म्हणतो, शहरांनी आता उपाय सुरू केलेत असं दुसरा म्हणतो. यात खरं काय, आणि मुंबई तापली किंवा बुडाली तर शहापूर, मुरबाड, वाडा, भिवंडीच्या शेतकऱ्याला त्याचं काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी मूळ गोष्ट. पृथ्वीभोवती हवेची एक गोधडी आहे असं समजा. ही गोधडी नसती तर रात्रीत सगळं गारठून गेलं असतं. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो आणि तो या गोधडीत जाऊन बसतो. गोधडी जाड होत जाते, आत ऊब जास्त कोंडते. समुद्रही तापतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते. म्हणून पाऊस पडत नाही तेव्हा दिवसचे दिवस पडत नाही आणि पडतो तेव्हा आठवड्याचा एका रात्रीत पडतो. भाताची रोपं एकदा वाळतात, एकदा कुजतात, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

शहर काय जाळतं?

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने जगातली निम्म्याहून जास्त माणसं शहरात राहतात आणि हवा तापवणाऱ्या वायूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त वायू शहरांच्या खात्यावर जातात. जमीन मात्र शहरांनी अगदी थोडी व्यापली आहे.

मुंबईचा हिशेब महापालिकेनेच मांडलाय. मार्च २०२२ मध्ये पालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचा आकडा दिलाय : वर्षाला सुमारे २ कोटी ३४ लाख टन. माणशी धरलं तर साधारण १.८ टन. यातले ७० टक्क्यांच्या वर घरं, दुकानं, ऑफिसं आणि कारखान्यांत वापरलेल्या ऊर्जेचे, म्हणजे मुख्यतः विजेचे. गाड्यांचे साधारण २० टक्के. उरलेले कचऱ्याचे.

लोकांना वाटतं मुंबईत गाड्या फार म्हणून प्रदूषण फार. धूर दिसतो म्हणून तसं वाटतं. खरी मोठी वाट विजेच्या तारेतून जाते. मुंबईची बहुतेक वीज कोळशावर होते. त्यातला काही कोळसा ट्रॉम्बेला जळतो, काही पालघर जिल्ह्यात डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात, बाकीचा आणखी लांब. बटण अंधेरीत दाबलं जातं आणि राख दुसऱ्याच्या शिवारात पडते.

एसीचंच बघा. दीड टनाचा एसी रात्रभर म्हणजे आठ तास चालला तर ८ ते १२ युनिट वीज खातो. आपल्याकडे ५ एचपीची मोटर साधारण अडीच तास चालवली की तेवढी वीज लागते. म्हणजे एका खोलीत दोन माणसं गार झोपावीत म्हणून जेवढी वीज जळते, तेवढ्यात एका शेतकऱ्याचं भाजीचं रान भिजून निघतं. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. एसीचं आणखी एक आहे, तो खोली गार करतो म्हणजे गर्मी नाहीशी करत नाही, ती खिडकीबाहेर फेकतो. ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या गल्लीत ती येऊन पडते.

जे हिशेबात धरलंच नाही

पालिकेच्या हिशेबात वीज, वाहतूक आणि कचरा हे तीन धरलेत. पण शहर उभं राहतं ते सिमेंट, लोखंड, विटा आणि वाळूवर. सिमेंट करायला चुनखडी भाजावी लागते. भाजताना जाळ तर लागतोच, शिवाय दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ५० किलोच्या एका गोणीमागे ३० ते ४० किलो वायू निघतो असं धरायला हरकत नाही. जगभरातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. मुंबईतल्या टॉवरला लागणारं सिमेंट चंद्रपूरच्या कोरपना-राजुऱ्याकडे तयार झालं, तर तो धूर चंद्रपूरच्या नावावर, मुंबईच्या नाही.

विटांचंही तेच. भिवंडी, वाडा, शहापूरच्या वीटभट्ट्या कुणासाठी पेटतात? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरांची शाळा बुडते. शेतातली वरची चांगली माती विटेत जाते, लाकूड, कोळसा, भाताचा तूस जळतो. वीट कल्याण, ठाणे, बदलापूरला लागते आणि हिशेबाच्या वहीत धूर इथला राहतो. ही लबाडी कुणी मुद्दाम केली असं नाही, जगभर शहरांचा हिशेब बहुतेक याच पद्धतीने होतो. पण वाचताना हे ध्यानात ठेवायला पाहिजे.

कचरा कुजतो तेव्हा

मुंबईत रोज सहा हजार टनांच्या पुढे कचरा निघतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, म्हणजे शंभरीला टेकलंय. ओला कचरा शेणखताच्या उकिरड्यासारखा हवेशीर कुजला तर खत होतं. पण एकावर एक डोंगर रचला की आत हवा जात नाही, तिथे तो सडतो आणि मिथेन वायू निघतो. गोबर गॅसमध्ये जळतो तोच हा वायू. तो जाळला तर स्वयंपाक होतो, मोकळा सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त गर्मी कोंडतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या फोटोतही दिसला होता. गोवंडी-मानखुर्दच्या पोरांनी तो धूर दिवसचे दिवस छातीत घेतला.

इथे एक कबूल करावं लागेल. साचलेल्या पाण्यातल्या भातशेतीतूनही मिथेन निघतो आणि गुरांच्या रवंथातूनही. शेतकरी अगदीच धुतल्या तांदळाचा नाही. फरक एवढाच की भात हा पोटाचा प्रश्न आहे.

शहर म्हणजे नुसतं पाप नव्हे

शहराला सरसकट शिव्या देणं सोपं आहे, पण हिशेब तसा सरळ नाही. मुंबईची लोकल रोज लाखो माणसं विजेवर वाहून नेते. कसाऱ्याहून सीएसएमटीला लोकलने जाणारा माणूस जेवढा वायू सोडतो, त्याच्या कितीतरी पट समृद्धीवरून एकटा गाडी घेऊन जाणारा सोडतो. एका बिल्डिंगमध्ये शंभर कुटुंबं राहिली तर एक रस्ता, एक पाइप, एक तार पुरते. तेच शंभर बंगले पसरले तर सगळं शंभर ठिकाणी न्यावं लागतं, आणि जमीन जाते ती वेगळीच.

दुसरं, शहरातही सगळी माणसं सारखी नाहीत. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत एक पंखा अन् दोन बल्ब लावून राहणारा, बसने कामाला जाणारा माणूस काय वायू सोडणार? १.८ टन ही सरासरी झाली. ती काढताना वरच्याचं आणि खालच्याचं एकात मिसळलं जातं. आणि शहर तापलं, बुडालं की पहिला फटका याच खालच्याला. त्यात आपल्या तालुक्यातून कामाला गेलेली पोरंही आली : डिलिव्हरीवाले, वॉचमन, बिगारी, कल्याणच्या चाळीत चौघं मिळून राहणारे.

रात्र का गार होत नाही?

उन्हात तापलेल्या कातळावर संध्याकाळी सात वाजता हात ठेवून बघा. ऊन गेलेलं असतं, कातळ मात्र गरम असतो. बाजूच्या नांगरलेल्या रानाची माती तेव्हा बऱ्यापैकी निवलेली असते. शहर म्हणजे मैलोन् मैल पसरलेला कातळ. डांबर, सिमेंट, काचा दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर सोडतात. झाड पानांतून वाफ सोडतं म्हणून त्याच्याखाली गारवा असतो. झाडं गेली, तळी बुजवली, गारवा गेला. वरून उंच इमारतींनी वारा अडवला. म्हणून शहराच्या बाहेर तुमच्याकडे रात्री जे तापमान असतं, त्यापेक्षा शहरात दोन-तीन अंश जास्त असू शकतं.

रात्र गार नसेल तर अंग निवत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री अंग निवायला मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी तो आधीच तापलेला उन्हात उभा राहतो. उष्माघातात माणसं मरतात ती बऱ्याचदा अशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

कोकणपट्टीत आणखी एक भानगड आहे, दमटपणा. विदर्भात ४५ अंशात घाम सुकतो आणि अंग थोडं तरी गार होतं. ठाणे-रायगडात ३७-३८ अंशातही घाम सुकत नाही, नुसता निथळतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानात झालेला पुरस्कार सोहळा आठवत असेल. लाखो माणसं भर दुपारपर्यंत उन्हात बसली होती, त्यात गावांकडून बसगाड्या भरून गेलेली माणसं होती. १४ जणांचा जीव गेला. तापमान आकड्यात फार भयंकर नव्हतं. नुसता आकडा बघून ऊन किती धोक्याचं ते कळत नाही.

या बाबतीत आपल्या देशात सगळ्यात आधी शहाणं झालं ते अहमदाबाद. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर माणसं जास्त दगावली, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. त्या वेळी कुणाला पत्ताही नव्हता, कारण मरणाच्या दाखल्यावर ऊन असं कुणी लिहीत नाही, हृदयविकार लिहितात. मग २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. त्यात मोठं यंत्र किंवा मोठा खर्च असं काही नव्हतं. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा, केशरी, लाल असा इशारा द्यायचा. लाल इशाऱ्याला दवाखान्यात बर्फ आणि सलाईन तयार ठेवायचं. पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, बांधकामाच्या मजुरांच्या वेळा बदलायच्या, मोबाईलवर मेसेज टाकायचे. वस्तीतल्या पत्र्यांना आणि स्लॅबला पांढरा चुना मारायचा, कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि आतली गर्मी दोन ते पाच अंशांनी उतरते. नंतरच्या अभ्यासानुसार या आराखड्याने वर्षाला हजाराच्या वर जीव वाचले. नागपूरने २०१६ मध्ये त्याच धर्तीवर काम सुरू केलं.

गावाने यातलं काय घ्यावं ते सरळ आहे. कौलारू घरं गेली, पत्रे आले, घरकुलाचे स्लॅब आले. पूर्वी गावचं घर शहरापेक्षा थंड असायचं, आता मे महिन्यात पत्र्याखाली थांबवत नाही. चुन्याची एक गोणी दोन-चारशेत येते.

२६ जुलै आणि गटारांचं गणित

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. एकाच शहरात एवढा फरक. मुंबईत चारशेच्या वर माणसं गेली, राज्यात मिळून हजाराच्या वर. ठाणे जिल्ह्यानेही त्या दिवशी काय भोगलं ते कल्याण, बदलापूर, उल्हास नदीकाठाला चांगलं माहीत आहे.

मुंबई बुडते कशी, तर तीन गोष्टी एका वेळी जुळतात. जुनी गटारं इंग्रजांच्या काळातली, तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढीच, आणि तेही ओहोटी असताना. मोठी भरती आली की गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात. मग पाणी बाहेर जायचं सोडून मागे फिरतं. तिसरी गोष्ट माणसाने केलेली. मिठी नदी १८ किलोमीटरची, तिच्या काठावर भराव टाकले, तिला वळवलं, खाडीतलं कांदळवन तोडून जमीन केली. शेताच्या बांधाला मोरी ठेवली नाही तर काय होतं ते शेतकऱ्याला समजतं, शहर बांधणाऱ्यांना ते २००५ च्या रात्री समजलं.

त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायची योजना तर १९९३ पासून कागदावर होती. २००५ नंतर ती हलली. समुद्राच्या तोंडाशी आठ ठिकाणी मोठे पंप बसवायचे ठरले, हाजी अलीपासून इर्ला, गझदरबंदपर्यंत सहा झाले, मोगरा आणि माहुल अनेक वर्षं जागा आणि परवानगीत अडकून राहिले. दादर-परळच्या हिंदमाताला तर जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. रस्त्यावरचं पाणी त्यात उतरवायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. पूर्वी तिथे कमरेइतकं पाणी दिवसभर राहायचं, आता लवकर ओसरतं.

पण आता तासाला शंभर मिलिमीटरचे तडाखे यायला लागलेत. ५० च्या हिशेबाने केलेलं गटार १०० च्या पावसाला कसं पुरेल? शहर उपाय करतं तोवर पाऊस पुढे निघून गेलेला असतो.

आणि शहर आता मुंबईत कुठे मावतंय? ते उल्हास नदीच्या पूरपट्ट्यात उतरलंय. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी होते, बोटी आणून सगळ्यांना सुखरूप काढलं. टीव्हीवर गाडी दिसली. ज्या शेतांवर भराव टाकून तिथे वसाहती उभ्या राहिल्या, तो भराव कुठून आला, त्याने पाणी कुणाच्या शेतात ढकललं, हे टीव्हीवर आलं नाही. पूर्वी भातखाचरं पाणी धरून ठेवायची. एक खाचर म्हणजे एक छोटी टाकीच, फुकटची. हिंदमाताखाली कोट्यवधी खर्चून जी टाकी बांधली तेच काम कल्याण ते कर्जतची खाचरं हजारो वर्षं करत होती. बिल्डरला विकलेल्या खाचराचा हा मोल कुठल्याच खरेदीखतात लिहिलेला नसतो.

पाणी : इथे खरा प्रश्न आहे

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) मुंबईतच आहेत, ते लहान. तानसा १८९२ पासून पाणी देतंय. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मोठे पाचही धरणांचं पाणी ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतलं. एकटं भातसा जवळपास निम्मं पाणी पुरवतं. एकूण पुरवठा दिवसाला ३८५ कोटी लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर रोज ३ लाख ८५ हजार टँकर.

आणि धरणाच्या कुशीतले पाडे एका टँकरची वाट बघतात. कारण पाणी धरणात आहे, पाडा वर डोंगरावर आहे, आणि योजना खालच्या शहरासाठी झाली. वर चढवायला पंप, पाइप आणि विजेचं बिल लागतं, ते भरायची ताकद ग्रामपंचायतीकडे नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना उताराने पाणी आणायची योजना त्यासाठीच पुढे आली. तिचं काम किती पुढे गेलं, हे प्रत्येक उन्हाळ्यात हंडा घेऊन उभी राहिलेली बाई सांगू शकते.

आता यात हवामान बदल कुठे आला? मुंबईचं सगळं पाणी एका पावसाळ्याच्या भरवशावर आहे. पाऊस उशिरा आला की शहर लगेच हलतं. २०२४ चं बघा. जूनच्या सुरुवातीला १० टक्के पाणीकपात लावली आणि भातसा, अप्पर वैतरणातला राखीव साठा वापरायला घेतला. पुढे पाऊस आणखी लहरी झाला तर शहर काय करेल? त्याच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा इकडे संबंध येतो.

पहिली वाट नवीन धरणाची. वाडा तालुक्यात ओगदाजवळ गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे, दिवसाला ४४ कोटी लिटरचा. त्यात सहा गावं आणि तानसा अभयारण्याच्या पट्ट्यातलं मोठं जंगल जातं. जंगल म्हणजेच कार्बन धरून ठेवणारी तिजोरी आणि नदीला उन्हाळ्यात पाणी सोडणारी मुळं. ते तोडून शहराने हवामान बदलाला तोंड द्यायचं, म्हणजे छप्पर गळतंय म्हणून वासे काढून ठिगळ लावल्यासारखं. मध्ये एकदा पालिकेने हा प्रस्ताव बाजूला ठेवला होता, पुन्हा तो वर आला.

दुसरी वाट समुद्राचं पाणी गोडं करायची. मनोरीला दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प २०२१ पासून चर्चेत आहे. यात कुणाचं गाव बुडत नाही, ही जमेची बाजू मोठी. पण हजार लिटर गोडं पाणी करायला तीन ते चार युनिट वीज लागते. २० कोटी लिटरला दिवसाचे ६ ते ८ लाख युनिट झाले. ती वीज कोळशाची असेल तर पुन्हा गोधडी जाड. सौर किंवा पवनऊर्जेची असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरी वाट सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी : गळती थांबवणं आणि वापरलेलं पाणी साफ करून परत वापरणं. मुंबईत पुरवठ्याच्या पाव भागाहून जास्त पाणी गळती आणि चोरीत जातं. पाव धरलं तरी ९५ कोटी लिटरच्या पुढे जातं, म्हणजे दोन गारगाई रोज. फिती कापायला धरण बरं असतं, गळती शोधणारा मुकादम कुणाच्या बॅनरवर येत नाही.

आराखडा केला, पुढे काय?

२०२२ च्या आराखड्यात मुंबईने २०५० पर्यंत निव्वळ शून्याचं लक्ष्य ठेवलं. म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढा कुठेतरी शोषला जाईल. २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के कमी करायचे असा टप्पा आहे. इलेक्ट्रिक बसगाड्या आल्या, मेट्रो वाढली, ओला-सुका कचरा वेगळा करायची सक्ती झाली. २०२४ मध्ये पालिकेने हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पही मांडला, कुठल्या कामाला किती पैसे ते दाखवणारा. हे चांगलं आहे, खोटं बोलायचं कारण नाही. देशातल्या बहुतेक शहरांनी अजून हिशेबसुद्धा केलेला नाही.

पण त्याच शहरात मोटारींसाठी कोस्टल रोडही झाला. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला त्यावरून जाता येत नाही. आणि आराखड्याची हद्द दहिसर-मुलुंडला संपते. मुंबईची पाणलोट क्षेत्रं, वीटभट्ट्या, भराव, डोंगर पोखरून निघणारी खडी, हे सगळं हद्दीबाहेर. भातसाच्या वरच्या डोंगरावरची झाडं टिकली तर धरणात गाळ कमी येईल आणि पाणी जास्त दिवस टिकेल, तो फायदा सरळ मुंबईचा आहे. मग ती झाडं राखणाऱ्या पाड्यांना मुंबईच्या हवामानाच्या पैशातून वाटा का नको? पाणीपट्टीतून लिटरमागे एक छोटासा अंश पाणलोटातल्या गावांना द्या, ही मागणी रास्त आहे आणि ग्रामसभेच्या ठरावाने ती लिहून पाठवता येते. तोंडी मागणी कुठेच नोंदली जात नाही.

दुसरं काम आपल्याच दारातलं. शहापूर, मुरबाड आता नगरपंचायती आहेत. बाजारपेठ वाढतेय, ओढ्यावर स्लॅब पडतायत, कचरा रस्त्याच्या कडेला पेटतोय. मुंबईने शंभर वर्षांत जे केलं तेच इथे वीस वर्षांत चाललंय. ओढा अजून उघडा आहे तोवर त्याची हद्द नकाशावर मोजून घेणं स्वस्त आहे. एकदा त्यावर चार मजली इमारत उभी राहिली की मग पंप आणि भूमिगत टाक्या, आणि तेवढा पैसा नगरपंचायतीकडे कधीच येणार नाही.

या पावसाळ्यासाठी

ज्यांची पोरं मुंबईत कामाला आहेत त्यांनी एवढं सांगून ठेवावं. हवामान खात्याचा लाल इशारा आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच दिवशी असेल तर लवकर निघा किंवा तिथेच थांबा, भरतीच्या वेळा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. मुंबईत पाणी भरलं तर पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६, रुग्णवाहिकेसाठी १०८. उन्हाळ्यात काम असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. माणूस उन्हात बरळायला लागला, घाम थांबला, अंग कोरडं तापलं, तर अंगावर पाणी ओतून वारा घालत दवाखान्यात न्या, वाट बघू नका.

आणि इकडे, भातसा भरत आलं की दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सूचना दिली जाते. ती बऱ्याचदा व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबून जाते. सापगावपासून खालच्या गावांनी सरपंच, पोलीस पाटील आणि दोन तरुण पोरं एवढ्यांचाच एक वेगळा ग्रुप करून ठेवावा, ज्यात पाण्याच्या सूचनेशिवाय दुसरं काही टाकायचं नाही.